साक्ष की तक्रार?

2019 च्या ऑगस्टात मलप्रभा नदीच्या पुरानं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात काय केलं, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. खाचरं पाण्याखाली राहिली, मातीच्या भिंती बसल्या. मी तेव्हा तालुक्यातल्या एका छोट्या मराठी मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणजे पास्टर होतो. पिकाबद्दल देवाचे उपकार मानायचा कापणीचा सण करायचा की नाही यावर पंचमंडळींत बरीच वादावादी झाली. शेवटी सण चुकवायचा नाही असं ठरलं.

त्या दिवशी वेदीपुढं भाताच्या पेंढ्या, भोपळे, नारळ, एखादा कोंबडासुद्धा येतो. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, त्याआधी साक्षी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं. साक्षीला ठरलेली चाल असते: संकट आलं, प्रार्थना केली, प्रभूनं तारलं, आमेन. तशा दोन-तीन झाल्या. मग एक विधवा आजी उठल्या. हातात काळपट, गाळानं चिकटलेली पेंढी. एक लोंबी त्यांनी तळहातावर चोळली, फुंकर मारली. तळहातावर काहीच उरलं नाही, सगळे दाणे पोचट.

"पास्टर, आवंदा मला उपकार मानायला जमत न्हाई. देवाजवळ खोटं कशाला बोलू? त्याला इचारायचं हाय, माझंच शेत का म्हणून?"

एवढं बोलून त्या बसल्या. आमेन नाही.

एक ज्येष्ठ पंच ताडकन उभे राहिले. "ही साक्ष न्हवं, तक्रार झाली!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. उपदेशाचा कागद मी खिशातच ठेवला आणि बायबलमधलं स्तोत्र 88 वाचलं. विलापाची स्तोत्रं बरीच आहेत, जवळजवळ एक तृतीयांश. पण बहुतेक शेवटी भरवशाकडे वळतात. हे वळत नाही, शेवटच्या ओळीतही अंधारच आहे. "हे पवित्र शास्त्रातच आहे," मी म्हणालो. "कुणीतरी देवासमोर असंच बोललं, आणि लोकांनी ते खोडून न टाकता जपलं."

खरी चर्चा झाली ती चहाला. पंच म्हणाले, "ज्याच्या-त्याच्या अनुभवावर देव ठरवायला लागलो, तर उद्या घरटी एक देव होईल." हा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नव्हताच. मी आमच्याच जॉन वेस्लींचं, मेथडिस्ट पंथाच्या संस्थापकांचं नाव काढलं. ऑक्सफर्डला शिकलेले, दीक्षित धर्मगुरू. सिद्धांत त्यांना पाठ होते. तरी तारणाची खात्री पटली ती 24 मे 1738 ला, लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका साध्या सभेत, काळजाला ऊब जाणवली तेव्हा. पण 1755 मध्ये, सर्व संतांच्या सणाला, चर्चं भरलेली असताना पोर्तुगालमधल्या लिस्बनला भूकंप झाला, तेव्हा याच वेस्लींनी त्यात देवाचा न्यायदंड पाहिला. ज्याच्या डोक्यावर छप्पर कोसळलेलं नाही त्याला शिक्षेचा सिद्धांत लवकर सुचतो, असं माझं मत.

"म्हणजे वेस्ली चुकले?" पंचांनी कप खाली ठेवला.

"त्या बाबतीत, हो."

आमच्यातला एक शाळामास्तर इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "दुष्काळात तुकोबांचं घर उजाडलं. त्यांनीही विठोबाला कमी सुनावलं काय?" यावर पंचसुद्धा हसले. कवी नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. आमच्या मंडळीत त्यांची भजनं टाळ-मृदंगावर होतात, इंग्रजी चालींची गीतंही होतात. आजींना स्तोत्र 88 ठाऊक नव्हतं. अभंग मात्र शेजारच्या सप्ताहात लहानपणापासून ऐकलेले. देवाशी भांडता येतं, हे त्या तिथंच शिकल्या असणार.

पुढच्या बैठकीत मी सणाच्या उपासनेत गाऱ्हाण्याला वेळ मागितला. त्याच पंचांनी विरोध नोंदवायला लावला, मी नोंदवला. मग तेच म्हणाले, "द्यायचाच असला तर शास्त्रवाचनानंतर द्या. आधी नको." तो क्रम मला पटला, आणि तसाच लिहून घेतला.