नाव गावात, माणूस मुंबईत

7 मे 2024, लोकसभेचं मतदान. कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात आमच्या शाळेतच केंद्र होतं आणि मी बीएलओ, म्हणजे केंद्राची मतदारयादी सांभाळणारी, म्हणून दाराबाहेर टेबल टाकून यादी घेऊन बसले होते. साडेतीनच्या सुमारास एक अधिकारी गाडीतून उतरले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, जिल्हा कुठं चाललाय आणि तुमचं केंद्र कुठं? जनजागृती केलेली दिसत नाही."

फार लागलं ते. आदल्या आठवड्यात वाडीन् वाडी चालून मी मतदार चिठ्ठ्या वाटल्या होत्या. वाटता न आलेल्यांचा रबर लावलेला गठ्ठा पिशवीतच होता. त्यातल्या तीन एकाच घरच्या. आजी एकटी राहते, तिन्ही लेक मुंबईला. "तिथं नाव लावलंय का?" विचारलं तर म्हणाली, "खोलीमालक कागदच देत न्हाई म्हणं." यादीच्या पुनरीक्षणावेळी नाव वगळायचा सात नंबरचा अर्ज मी तिच्यापुढं ठेवला होता. तिनं तो हातानं मागं सारला. "नाव कमी करू नगा बाई. गणपतीला येत्यात की पोरं. नाव गेलं की घर गेलं."

कायद्याप्रमाणे तात्पुरतं बाहेर राहिल्यानं माणसाचा रहिवास तुटत नाही आणि नाव मात्र एकाच मतदारसंघात ठेवता येतं. पण दहा-बारा वर्षं तात्पुरती म्हणायची का? मला ते तिला सांगता आलं नाही.

आजी उन्हं कलल्यावर आली. बाहेर येऊन शाईचं बोट दाखवत म्हणाली, "आमच्या घरातलं झालं बगा सगळ्यांचं." माझ्या यादीत त्या घरची चार नावं एकाखाली एक होती.

सहा वाजता मतदान संपलं. यादीत 840, मतदान 547. म्हणजे 65 टक्के. जिल्ह्यातले दोन्ही मतदारसंघ 71 च्या पुढं गेले. रात्री घरी मी पुन्हा हिशोब मांडला. मयत, स्थलांतरित, गैरहजर अशा एएसडी यादीत माझ्याकडं 201 नावं होती. त्यातले बारा जण लग्नासाठी गावी आले होते. त्यांची ओळख पुन्हा तपासून, अंगठा घेऊन मत घेतलं. ती 201 नावं सोडून उरलेल्या 639 जणांपैकी 535 जणांनी मत दिलं होतं. 83 टक्क्यांच्या वर! वर्गात मुलांना मी हेच शिकवते, अंश बघताना छेदही बघा. आमच्या छेदात घाटकोपर आणि नालासोपारा मिसळलेले आहेत. आणि नोव्हेंबरात विधानसभेला मत पडत होतं तेव्हा फडातल्या खोपीत राहणारी बीडकडची ऊसतोड कुटुंबं आमच्या छेदात कुठंच नव्हती. ती तिकडच्या यादीत, तिथला टक्का खाली ओढत.

बाहेरगावी राहणाऱ्याला तिथूनच आपल्या मतदारसंघात मत देता यावं म्हणून, एका यंत्रावर 72 मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं दूरस्थ यंत्र निवडणूक आयोगानं 2023 च्या जानेवारीत पक्षांपुढं मांडलं होतं. 2024 ला ते आमच्या आजीच्या लेकांपर्यंत आलं नाही.

नंतर कमी मतदानाची कारणं लेखी मागवली. उत्तरासाठी कागदावर एकच ओळ सोडलेली होती. मी पाठीमागं दुसरा कागद जोडला, 840, 201 आणि 639 चा सगळा हिशोब लिहिला, आणि सही करून दिला.