पंचाहत्तर झालं का?

जुलै लागला की आमच्या घरात पेपर पहिल्या पानापासून उघडत नाहीत. आधी आतल्या पानावरचा एक चौकोन. बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी काल किती, आज किती, आणि चोवीस तासांत पाऊस किती मिलिमीटर. जलाशय 2475 फुटांना भरतो. पण पुढचे चोवीसशे उच्चारायची कुणाला सवड नसते. त्यामुळं संवाद असा चालतो : ‘किती?’ ‘अडुसष्ट.’ ‘काल?’ ‘साडेसहासष्ट.’ ‘मग होतंय की!’ घरी आलेल्या पाहुण्याला वाटतं, कुणाचे तरी मार्क सांगतायत.

लहानपणी मी मात्र तो आकडा पूर्ण वाचायचो आणि घाबरायचो. राकसकोपच्या तळ्यात 2475 फूट पाणी आहे अशी माझी समजूत होती. जवळजवळ अर्धा मैल खोल! सहलीला तिथं नेलं तेव्हा सगळी मुलं पाण्यात खडे मारत होती आणि मी काठापासून दहा हात लांब, डबा पोटाशी धरून. शेवटी बाबांनी सांगितलं की हे तळापासून नाही, समुद्रापासून मोजतात. ‘म्हणजे गोव्याच्या समुद्रात पाय ठेवून इथं डोकं वर काढलंस, तर जेवढी उंची लागेल तेवढी.’ ही व्याख्या कुठल्या पुस्तकात नसेल. मला आजवर पुरली आहे.

पुढं कळलं की शहराला हिडकलचंही पाणी येतं. घटप्रभेवरचं ते मोठं धरण, 51 टीएमसीचं, म्हणजे 51 अब्ज घनफुटांचं. ते भरतं 2175 फुटांना. 2475 आणि 2175, एकाच आकड्याचा फरक. कित्येक वर्षं मला ती छपाईची चूक वाटायची. पण त्या एका आकड्यात तीनशे फुटांचा चढ आहे. हिडकलचं पाणी आपल्या पायांनी बेळगावला येत नाही, पंपानं चढवावं लागतं. वीज गेली की नळ का जातो, हे कोडं मला या दोन आकड्यांच्या वजाबाकीनं सोडवून दिलं.

आमचा मामा चिक्कोडी तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. त्याचा जुलै आमच्या उलटा. आम्ही भरायची वाट बघतो, तो उतरायची. ‘तुमचं भरू दे की, खरं आमच्याकडं येऊ दे नको,’ असं फोनवर म्हणतो. सातवी शिकलेला माणूस, पण दिवसभर साडेअकरा हजार क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी सुटलं की एक टीएमसी होतं, हे त्याला पाढ्यासारखं पाठ आहे. (मी कागदावर करून बघितलं. नेमकं 11,574 येतं.) कोयनेत 105 पैकी किती, राजापूर बंधाऱ्यावरून किती जातंय, कृष्णेवरच्याच खालच्या अलमट्टी धरणात येतंय किती आणि सोडतायत किती, सगळं तोंडावर. अलमट्टीचं माप मीटरमध्ये, 519.60. घराची उंची फुटात सांगणारा मामा अलमट्टीचं नाव निघालं की मीटरवर जातो. धरणाची पातळी 524.256 करायला कृष्णा पाणीतंटा लवादानं 2010 मध्ये मुभा दिली, तेव्हापासून त्याला दशांश चिन्हाचा राग आहे. म्हणतो, ‘त्या शेवटच्या सहाचं पाणीसुद्धा माझ्याच गोठ्यात येणार.’ धरणानं पुराचं पाणी मागं तुंबतं की नाही यावर मोठे लोक भांडत असतात. मी मामाशी भांडत नाही. त्याच्या भिंतीवर 2005, 2019 आणि 2021 अशा तीन रेघा आहेत, माझ्या भिंतीवर एकही नाही.

एवढे आकडे पाठ असूनही त्याचं खरं माप वेगळंच. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार झालं का? पादुकांवरून आलेलं पाणी देवळाच्या दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडलं की लोक त्यात आंघोळीला धावतात आणि मामा गुरं सोडायला उठतो.

तसं पाहिलं तर आमच्या पंचाहत्तरलाही दोन बाजू आहेत. शहर ‘झालं बाबा एकदाचं’ म्हणतं, दरवाजे उघडतात, आणि मार्कंडेय नदी आंबेवाडी-कंग्राळीकडं भाताच्या रोपांवरून चालू लागते.

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून फोनवर शोधत बसलो, की ज्यांची तळी खरोखर मोठी आहेत ते काय करतात. अमेरिका आणि कॅनडाच्या मधलं सुपिरियर 82 हजार चौरस किलोमीटरचं आहे. आपला अख्खा बेळगाव जिल्हा त्यात सहा वेळा बुडेल. मिशिगन आणि ह्युरॉन नकाशात दोन दिसतात, पण मधल्या सामुद्रधुनीनं इतकी जोडलेली की दोघांची पातळी एकच धरतात. जानेवारी 2013 मध्ये ती नीचांकाला गेली होती आणि 2020 च्या उन्हाळ्यात तिथून सहा फूट वर. सहा फुटांना साडेसात वर्षं! आमचं राकसकोप जोराचा पाऊस लागला की तेवढं आठवड्यात करून मोकळं होतं.

एरी नावाचं तळं उथळ आहे, सरासरी एकोणीस मीटर. वारा एका दिशेनं लागला की पाणी एका टोकाला फूट-फूट चढतं, दुसऱ्या टोकाला तळ दिसतो, आणि वारा पडला की परातीतल्यासारखं मागंपुढं होत राहतं. हिडकल आमचं, हिंदकळतं मात्र ते. म्हणून तिथली पातळी उघड्या पाण्यावर मोजत नाहीत. काठाला विहिरीसारखी जागा करून खालून नळीनं तळ्याशी जोडतात. लाटा बाहेर राहतात आणि आतलं पाणी शांतपणे खरं बोलतं.

पुढच्या सहा महिन्यांचा अंदाजही ते दर महिन्याला काढतात. पण तो एक रेघ नसतो, एक पट्टा असतो : इथपासून इथपर्यंत कुठंही. मला हा प्रामाणिकपणा आवडला. बाबा पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायचे. बेडूक, म्हैस, हत्ती असला तर छत्री, कोल्हा असला तर नाही. मधलं काही नाही. तरण्या पावसात, म्हणजे पुनर्वसूत, कोल्हा निघाला म्हणून ते छत्रीशिवाय खडेबाजारात गेले आणि धोतर पिळत परत आले. आईला ते अजून आठवतं.

एक गोष्ट मात्र वाचून उठूनच बसलो. त्या तळ्यांचं पाणी सगळ्यात जास्त उडतं ते उन्हाळ्यात नाही, शरदात आणि थंडीच्या तोंडाला. पाणी अजून कोमट आणि वरून कोरडा गार वारा. हे मी बघितलेलं आहे! डिसेंबरात पहाटे मागच्या विहिरीतून वाफा निघतात, आणि लहानपणी आम्ही त्यात तोंड धरून उभे राहायचो.

त्या विहिरीवर आता जाळी आहे. नळ आल्यापासून तिच्याकडं कुणी बघत नाही, नळ आठ दिवस आला नाही तर तेवढं बघतो. सकाळी जाळी बाजूला केली, दोराला दगड बांधला आणि काठावरून सोडला. पाण्याला लागेपर्यंत अकरा हात. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवलं. चार दिवसांनी परत सोडला, साडेआठ.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, ‘किती?’

‘साडेआठ. त्या दिवशी अकरा होतं.’

‘कमी कसं झालं? एवढा पाऊस पडालाय की.’

‘अगं, काठापासून खाली मोजतोय मी. आकडा कमी म्हणजे पाणी वर.’

‘मग तसं सांग की,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं समुद्रापासून मोजालास.’