काजवे पुसणारा कॅमेरा

नवा फोन घेऊन पहिल्यांदा गेले ती भंडारदऱ्याला, मेच्या शेवटच्या आठवड्यात, काजव्यांसाठी. फोन बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता. त्याचं नाव इथे लिहिणार नाही, कारण ज्या खोडीबद्दल मला बोलायचंय ती एकाच कंपनीची नाही. पन्नास हजारांच्या आसपास किंमत, मागे तीन कॅमेरे, सहा हजार एमएएचची बॅटरी, आणि जाहिरातीचा सगळा भर रात्रीच्या फोटोंवर. मला रात्रीचेच फोटो हवे होते, म्हणून घेतला.

कसारा, घोटी, शेंडी आणि तिथून धरणाच्या कडेकडेने रतनवाडी. घोटीच्या पुढे जीपमध्ये माणसं कोंबली होती आणि उन्हाने पत्रा तापला होता. रस्त्यालगतच्या शेतांत राब भाजून झाले होते, काळे चौकोन दिसत होते. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याचं पाणी या दिवसांत इतकं आत सरकतं की रस्त्यावरून आधी भेगाळलेला गाळच दिसतो. आमचा मुक्काम रतनवाडीजवळच्या एका वाडीत, एका घरी होता. शेणाने सारवलेली ओटी, तांदळाची भाकरी, पिठलं, करवंदाचं लोणचं. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान शेंडीत आहे, तिथे सोयी जास्त मिळतात, पण मला अशा घरांतच झोप लागते.

आधी फोनचं चांगलं सांगते, कारण चांगलं पुष्कळ आहे.

बॅटरीला तोड नाही. रतनवाडीच्या बाजूला रेंज येते आणि जाते, आणि रेंज शोधत राहणं हे फोनचं सर्वांत खर्चिक काम. जुना फोन तिथे दुपारीच मान टाकायचा. हा दिवसभर फोटो काढून, नकाशा बघूनही रात्री निम्म्याच्या वर उरलेला असायचा. फाइव्ह-जी बंद करून फोर-जीवर ठेवला तर आणखी टिकतो. डोंगरात जाणाऱ्यांनी ते करावंच, कारण तिथे फाइव्ह-जीचा उपयोग शून्य आहे. नकाशावरचा ठिपकाही इथे चांगला बसला. उंच कड्यांच्या मध्ये उपग्रहांचे संदेश दगडांवर आपटून परततात आणि साध्या जीपीएसचा ठिपका भलतीकडेच उडी मारतो. या फोनमध्ये एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही लहरी पकडणारी चिप आहे, इस्रोच्या 'नाविक' या आपल्या उपग्रहप्रणालीसकट. साम्रदच्या सांदण दरीत, जिथे वर आकाशाची नुसती एक चीर दिसते, तिथेही ठिपका फार भरकटला नाही.

आणि लेन्स! गावातून रतनगडाचा खुट्टा, म्हणजे गडाशेजारचा सुळका, लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतला, तर कातळावरचं वाळलेलं गवत वेगळं दिसत होतं. अमृतेश्वराच्या मंदिरात तर मी या फोनवर खूषच झाले. आत काळोख, बाहेर रणरणतं ऊन. नाइट मोड लावून हात स्थिर धरला आणि खांबांवरचं कोरीवकाम असं उमटलं की छिन्नीचे घाव मोजावेत.

दगड हलत नाही, म्हणून ते शक्य झालं, हे मला त्याच रात्री कळलं.

पहिल्या संध्याकाळी घाटघरच्या बाजूला गेलो. गर्दीबद्दल मला राग आहे आणि तो लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गाड्यांची रांग, दिवे चालू, कुणीतरी स्पीकर लावलेला, आणि हिरड्या-बेहड्यांच्या झाडांखाली शेकडो फोनचे टॉर्च. काजव्याचा प्रकाश म्हणजे त्याचं बोलणं आहे. नर उडता उडता लुकलुकतो, मादी पानावरून उत्तर देते, आणि त्या उत्तरावर जोडी जमते. पूर्ण वाढलेल्या काजव्याचं आयुष्य फार तर काही आठवड्यांचं. जोराचा पाऊस सुरू झाला की हा खेळ संपतो. अशा वेळी त्यांच्या झाडावर टॉर्च मारणं म्हणजे ते संभाषण तोडणं. वनखात्याचे आणि गावचे लोक ओरडून दिवे बंद करायला सांगत होते. मिनिटभर अंधार व्हायचा, पुन्हा कुणाचा तरी पडदा उजळायचा. आम्ही अर्ध्या तासात परत फिरलो.

दुसऱ्या रात्री वाडीच्या मागे, ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांचा मुलगा आम्हाला एका सादड्याच्या झाडाकडे घेऊन गेला. तिथे दुसरं कुणी नव्हतं. डोळे अंधाराला सरावायला पंधरावीस मिनिटं लागली, आणि मग ते झाड दिसायला लागलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुक, कधी विखुरलेली, कधी अचानक सगळी एका तालात, की पूर्ण झाड एका क्षणी आहे आणि पुढच्या क्षणी नाही. मी बराच वेळ फोन खिशातून काढलाच नाही.

मग काढला. पडद्याचा उजेड अगदी कमी केला, छोट्या तिकाटण्यावर लावला, नाइट मोड, टायमर. फोन काही सेकंद काम करत राहिला आणि फोटो आला: स्वच्छ, निळसर आकाश, सुबक झाड, प्रत्येक फांदी स्पष्ट. काजवा एकही नाही.

पुन्हा घेतला. एक-दोन फिकट ठिपके, बाकी झाड रिकामं. आमच्यासमोर ते झाड पेटलं होतं आणि फोनमध्ये ते कुठल्याही रात्रीचं झाड होतं.

याचं कारण मला घरी आल्यावर नीट समजलं. नाइट मोड एक फोटो घेत नाही. तो लागोपाठ अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर बसवतो आणि त्यांतून एक तयार करतो. २०१८ साली गुगलच्या पिक्सेल फोनवर 'नाइट साइट' आल्यापासून ही पद्धत सगळीकडे पसरली, आणि ती खरोखर हुशार आहे. जे सगळ्या फोटोंत सारखं आहे ते खरं धरायचं, आणि जे एखाद्याच फोटोत चमकून जातं तो दाणेदारपणा किंवा हललेली वस्तू समजून काढून टाकायची. मंदिराचा खांब प्रत्येक फोटोत तिथेच होता म्हणून तो इतका सुंदर आला. काजवा एका फोटोत आहे, पुढच्यात नाही. कॅमेऱ्याच्या हिशेबात तो कचरा ठरतो.

उपाय आहे. 'प्रो' मोडमध्ये जाऊन शटर पंधरा सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) आठशेच्या आसपास, फोकस हाताने अनंतावर. तसं केल्यावर काजवे आले, सोनेरी-हिरवे, ओळीने. पण तेही झाड मी पाहिलेलं नव्हतं. त्या एका चित्रात पंधरा सेकंदांतली प्रत्येक लुकलुक साठलेली होती. समाजमाध्यमांवर काजव्यांचे जे झगमगते फोटो फिरतात, त्यांतले पुष्कळसे असे अनेक फोटो एकावर एक रचून केलेले असतात. ते बघून माणसं येतात, झाड तसं दिसत नाही म्हणून हिरमुसतात आणि टॉर्च लावतात. मला तरी पंधरा सेकंदांचा फोटोच मान्य आहे. त्यात भर आहे, पण जे होतं ते पुसलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर व्हिडिओ या दोन्हींपेक्षा प्रामाणिक निघाला. दाणेदार, काळपट, पण ताल त्यातच सापडतो.

हे इथेच संपलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. काजव्यांचे फोटो काढणारे किती? कंपनीने त्यांचा विचार केला नाही, एवढंच म्हटलं असतं.

निघायच्या सकाळी घरातल्या आजींनी आपणहून विचारलं, "माझा एक काढशील का, पोरी? नातवाकडं पाठव." त्या ओटीवर बसल्या, पदर सारखा केला. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, हातावर मनगटापासून वर गेलेली नक्षी. सकाळचं तिरपं ऊन. मी पोर्ट्रेट मोडमध्ये फोटो काढला आणि त्यांना दाखवला.

आजींनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. म्हणाल्या, "ही मी न्हाय."

मला वाटलं, त्यांना नीट दिसत नसेल. मी फोटो मोठा केला. तेव्हा मलाही दिसलं. गाल गुळगुळीत. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या जवळजवळ गेलेल्या. रंग दोन छटा उजळ. आणि कपाळावरचे हिरवट ठिपके इतके फिके झाले होते की असल्याची शंका यावी. हनुवटीवरचा एक तर नव्हताच.

"गोंदाण कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

फोनने ते डाग समजून घालवलं, हे मी त्यांना कसं सांगणार होते? तरी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. लग्नाआधी माहेरी गोंदणारीण आली होती, दोन पोरींनी हात धरून ठेवले होते, किती दुखलं होतं, हे सगळं त्यांनी मला सांगितलं. मग म्हणाल्या, "सोनं-नाणं हितंच काढून घेत्यात. संगं येतं ते येवढंच." गोंदणाबद्दल हे आपल्याकडे अनेक घरांत म्हटलं जातं, मी माझ्या आजीकडूनही ऐकलंय. पण एका यंत्राने तेच पुसलेलं हातात असताना ऐकणं फार जड गेलं.

मी तिथेच ओटीवर बसून सेटिंग उलगडत बसले. पोर्ट्रेटमध्ये चेहरा 'सुधारण्याची' एक पट्टी होती, आणि ती मुळातच मध्यावर लावलेली होती. कुणी मला विचारलं नव्हतं. ती शून्यावर आणली आणि पुन्हा फोटो घेतला. सुरकुत्या आल्या, गोंदण अर्धवट आलं. मग पोर्ट्रेट सोडून 'रॉ'मध्ये घेतला, म्हणजे सेन्सरने जे टिपलं ते जवळपास जसंच्या तसं. त्यात सगळं होतं. कपाळावरचे ठिपके, हनुवटीवरचे, कातडीवर शाई जिथे पसरली होती ती कडसुद्धा. आजींनी मान हलवली. "हां. ह्यो पाठव."

म्हणजे काच उत्तम आहे, सेन्सर उत्तम आहे. त्यांनी गोंदण पाहिलं होतं. नंतर बसलेल्या प्रोग्रामने ठरवलं की माणसाच्या चेहऱ्यावर हे असायला नको. काजवा आणि गोंदण, दोन्ही गेले ते वेगवेगळ्या प्रोग्रामांमुळे, पण समजूत एकच: लहान, बारीक, नेहमीच्या साच्यात न बसणारं जे काही असेल ते बिघाड आहे, दुरुस्त करून टाका. काजव्यांच्या बाबतीत मी ते तांत्रिक अडचण म्हणून सोडून देऊ शकते. आजींच्या बाबतीत नाही.

हे टाळता येतं. ऑक्टोबर २०२० मध्ये गुगलने जाहीर केलं की पिक्सेल ४ए आणि त्यानंतरच्या फोनांवर सेल्फीतली चेहऱ्याची सारवासारव मुळात बंद असेल, हवी त्याने चालू करावी. पुढच्या वर्षी पिक्सेल ६ बरोबर त्यांनी 'रिअल टोन' आणलं, सावळ्या आणि काळ्या त्वचेचा रंग खरा यावा म्हणून. हे पाच-सहा वर्षांपूर्वी होऊ शकत होतं, तर आज नव्या फोनात ती पट्टी मध्यावर का?

मी घेण्याआधी भरपूर परीक्षणं वाचली होती. पन्नास मेगापिक्सेल, पडदा उन्हात किती उजळतो, चार्जिंगला किती मिनिटं. पन्नास मेगापिक्सेलचंही तसं फारसं काही नसतं, कारण फोन चार-चार ठिपके एकत्र करून बहुतेक वेळा साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. पण सत्तरीतल्या, उन्हात राबलेल्या चेहऱ्याचा फोटो कुणी तपासलेला मला आढळला नाही. सगळे नमुने विशीतल्या गुळगुळीत चेहऱ्यांचे. त्यांच्यावर ही पट्टी काय करते ते कळणार कसं?

इतर उणिवा आहेत, पण त्या सोसता येतात. मेमरी कार्डाला जागा नाही, आणि रॉ फोटो जागा खातात. मागची काच घामाने निसटते. उन्हात वीसेक मिनिटं व्हिडिओ केला तर फोन तापतो आणि पडदा आपोआप मंद होतो. आयपी ६८ लिहिलंय, पण त्याचा अर्थ ठरावीक खोलीच्या गोड्या पाण्यात ठरावीक वेळ, आणि पाणी शिरलंच तर ते वॉरंटीत बसत नाही, हे बारीक अक्षरांत आहे. परतीच्या वाटेवर वळवाच्या सरी आल्या तेव्हा फोन भिजला आणि ठणठणीत राहिला, पण ओल्या पडद्यावर बोट चालेना. पाण्याचा थेंबही त्याला स्पर्शच वाटतो. आवाजाच्या बटणाने फोटो काढता येतात, ते मात्र आधीच सुरू करून ठेवावं लागतं.

आजींचा फोटो नातवाला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला. साधा पाठवला असता तर तिथे दाबला जाऊन बारकावे पुन्हा गेले असते. एक मोठी प्रिंटही काढून घेतलीय. पाऊस सुरू व्हायच्या आत जीपवाल्याबरोबर ती पोचेल असं त्याने सांगितलंय.

फोन मी ठेवणार आहे. बॅटरी आणि लेन्ससाठी ठेवणार आहे. तुम्ही घेणार असाल तर दुकानात स्वतःचा सेल्फी काढून बघू नका. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला सोबत न्या, पोर्ट्रेटमध्ये त्यांचा फोटो काढा, आणि तो त्यांच्याच हातात द्या. कंपनीलाही मी लिहिलंय, दोन्ही फोटो जोडून, आजींना विचारून. मागणी एवढीच केलीय की पुढच्या अपडेटमध्ये ती पट्टी शून्यावर आणावी.