कालव्यातला स्ट्रायपर, कॅटफिश आणि परवान्याचा मनस्ताप

कॅलिफोर्नियात ट्रेसी, माउंटन हाउस भागात राहत असाल तर कॅलिफोर्निया अ‍ॅक्विडक्ट हा मोठा कालवा घराजवळूनच जातो. तिथे गळ टाकून बसायचा विचार असेल तर आधी परवान्याचं वाचा. मासा त्यामानाने लवकर लागतो.

सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. मी तो घ्यायला एका मोठ्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्टातला व्हिसा पाहिला आणि सांगितलं, तुम्ही इथले रहिवासी नाही, बाहेरच्यांचा परवाना घ्या. त्याचे पैसे अडीच पटीहून जास्त! इथलं ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं, भाडेकरार दाखवला, पगारातून राज्याचा कर कापला जातो तेही सांगितलं. तो ढिम्म. मॅनेजर जेवायला गेलेली. ती येईपर्यंत ताटकळलो, तर आल्या आल्या तिचा पहिला प्रश्न, ‘ग्रीन कार्ड आहे का?’

राज्याच्या नियमात ग्रीन कार्डाचा विषयच नाही. अर्जाच्या आधी सलग सहा महिने कॅलिफोर्नियात राहिलात की तुम्ही रहिवासी. नागरिकत्व कोणतंही असो. मी फोनवर नियम उघडून तिच्यासमोर धरला, तिने तो वाचलासुद्धा नाही. इतकी वर्षं इथे राहून, कर भरून, मागे रांगेतल्या लोकांसमोर ‘तुम्ही इथले नाही’ हे ऐकून घ्यायचं, याचा राग मला अजूनही येतो. शेवटी घरी येऊन राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याच्या साइटवर रहिवाशाचाच परवाना काढला. काही मिनिटांचं काम. तुम्हीही थेट तिथेच जा. २०२३पासून परवाना घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो, त्यामुळे जानेवारीची वाट बघायची गरज नाही. दोन गळ लावायचे असतील तर त्याची वेगळी परवानगी त्याच वेळी घेऊन टाका.

आता मासे. स्ट्रायपर म्हणजे अंगावर पट्टे असलेला स्ट्राइप्ड बास, मूळचा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. १८७९मध्ये न्यू जर्सीहून रेल्वेने आणून तो इथल्या खाडीत सोडला. डेल्टातून, म्हणजे सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशातून, पंपांनी कालव्यात पाणी ओढलं जातं, त्याबरोबर अंडी आणि पिल्लं कालव्यात येतात आणि इथेच वाढतात. पंप चालू-बंद होतात तसा प्रवाह बदलतो. पाणी वाहतं असलं की स्ट्रायपर खायला निघतो, संथ असलं तर कॅटफिशच्या मागे लागा.

नवीन माणूस हमखास पार पलीकडच्या काठाकडे फेकतो. गरज नाही. काँक्रीटचा उतार जिथे तळाला मिळतो तिथेच मासे फिरतात. शिशाचं वजन दोरीवर सरकतं ठेवा, म्हणजे आमिष ओढताना माशाला वजन जाणवत नाही. स्ट्रायपरला सार्डिनचे तुकडे, कॅटफिशला चिकनची कलेजी. कलेजी गरीवरून सुटते, म्हणून तिला शिवणाच्या दोऱ्याचे पाच-सहा वेढे द्या. काठी नुसती टेकवून ठेवली असेल तर रीलचा ड्रॅग (दोरी किती जोराने ओढल्यावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक) सैल करा, नाहीतर स्ट्रायपर काठीच पाण्यात खेचून नेतो. कॅटफिशच्या परांना आपल्या शिंगाळ्यासारखे काटे असतात, तो जपून धरा.

उतारावर मात्र अजिबात उतरू नका. शेवाळामुळे पाय ठरत नाही आणि आत पडलेल्याला हाताशी शिडी नसेल तर वर येता येत नाही. मुलांना वरच थांबवा.

आमच्या भागात स्ट्रायपर किमान १८ इंचांचा हवा आणि दिवसाला दोनच ठेवता येतात. तरी निघण्याआधी त्या वर्षीचे नियम बघा. डेल्टातल्या स्ट्रायपरमध्ये पारा असतो, लहान मुलांना तो खायला देऊ नका.

हो, आणि आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांच्यासाठी वर्षाचा परवाना घेऊ नका. एका दिवसाचा मिळतो, आणि त्याला रहिवासी आणि बाहेरचे सगळ्यांना एकच दर आहे.