अर्थशास्त्रासोबत गणितही!

आज ठरलं एकदाचं. अर्थशास्त्र आणि गणित, दोन्ही मेजर, म्हणजे पदवीचे मुख्य विषय म्हणून घ्यायचे.

घरी सगळ्यांचं म्हणणं, "एकच धर, नीट कर." काळजी खरी आहे. यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यानुसार दुसऱ्या मेजरचे किमान 40 टक्के क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) लागतात, म्हणजे तीन वर्षांच्या 120 पैकी 48. ओझं आहेच.

पण आज अण्णांबरोबर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला गेले होते. व्यापारी हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, शेजारचा किती बोलेल याचा अंदाज घेतो आणि मग आपला आकडा सांगतो. तो अंदाज मला नीट मांडता यायला हवा, नुसता सांगता येऊन भागणार नाही. त्याला गेम थिअरी, म्हणजे समोरचा काय करेल हे धरून आपला निर्णय ठरवण्याचं शास्त्र लागतं, आणि त्याच्या मुळाशी गणितच आहे. जॉन नॅश गणितीच होता. 1950 मध्ये त्याने स्थिरबिंदू प्रमेय वापरून समतोलाचं, म्हणजे एकट्याने आपली चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशा स्थितीचं, अस्तित्व सिद्ध केलं, 1994 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे वाचल्यापासून मला चैन नाही!

रिअल अ‍ॅनालिसिसची (कॅल्क्युलसमागच्या काटेकोर सिद्धतांचा विषय) धास्ती वाटते, तरी शिकायचंच आहे. अण्णा एवढंच म्हणाले, "झेपेल तुला, पोरी."

कुणी हे दोन्ही विषय एकत्र केले असतील तर सांगा ना, तासांचं वेळापत्रक कसं जमवलंत?