हा फोटो एडिट केलेला आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: हो. माझ्या हातून बाहेर पडलेला जवळजवळ प्रत्येक फोटो एडिट केलेला असतो.

मी छत्रपती संभाजीनगरला फोटोग्राफी आणि डिजिटल इमेज एडिटिंग शिकते, आणि लग्नसराईत जालन्याकडच्या एका स्टुडिओत काम करते. हे कळलं की लोक पहिल्यांदा हेच विचारतात. फोटो चांगला आला तर "काहून गं, एडिट केलास का?" आणि वाईट आला तर "जरा एडिट करून दे की." पहिल्यात संशय असतो, दुसऱ्यात हक्काची मागणी. दोन्हींच्या मागे समजूत एकच की कॅमेऱ्यातून निघाला तो फोटो खरा, आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून काही केलं की तो खोटा झाला.

ही समजूत तपासायची तर वेचणीला आलेल्या कापसाच्या रानात जा. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचं असणार, असं धरून कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर चालतं. शिकवताना त्याला १८ टक्के ग्रे म्हणतात. फ्रेमभर कापूस घेतला की मीटरला वाटतं उजेड फार झाला. मग ते फोटो अंधारून टाकतं, आणि शुभ्र कापूस बोंडात भिजून काळवंडल्यासारखा दिसतो. त्या फोटोवरून भाव ठरवायचा झाला तर व्यापारी सरळ खालच्या प्रतीचा भाव लावेल. तोच कॅमेरा नुकत्याच नांगरलेल्या रानावर रोखा. आता त्याला उजेड कमी वाटतो, आणि आपली काळीभोर जमीन तो मुरमाड राखाडी करून दाखवतो. कापसाला एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, स्टॉप-दीड स्टॉप वाढवावं लागतं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), काळ्या रानाला कमी करावं लागतं, तेव्हा कुठे दोन्ही जसे आहेत तसे येतात. म्हणजे हात न लावलेला फोटो चुकीचा आणि हात लावलेला बरोबर.

मोबाईलवाल्यांना तर हे फारच लागू आहे. बटण दाबल्यापासून फोटो दिसेपर्यंतच्या त्या क्षणभरात मोबाईल कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम एकत्र करतो, आभाळ निळं करतो, सावल्या उजळतो, पुष्कळदा न विचारता चेहरेही गुळगुळीत करतो. तुम्ही एडिट केलेलं नसतं हे खरं. कुठल्यातरी कंपनीच्या इंजिनिअरने ते आधीच करून ठेवलेलं असतं, तेही तुमचं रान न बघता. मी रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदीवर, काम करते ती यासाठीच. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलमागे उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात. नेहमीच्या जेपीईजीत, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोत, प्रत्येक रंगाला २५६. जेपीईजीत कॅमेऱ्याने त्याला नको वाटलेलं टाकून दिलेलं असतं. रॉमध्ये काय ठेवायचं नि काय टाकायचं ते मी ठरवते.

आणि हे फोटोशॉपमुळे बिघडलं, असं म्हणणाऱ्या काकांसाठी: फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली. गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर १८५० च्या दशकातच एका निगेटिव्हमधला समुद्र आणि दुसऱ्यामधलं आभाळ जोडून एक प्रिंट काढत होता, कारण दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये नीट येतच नव्हते. काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या मिटवणं हे तेव्हाच्या स्टुडिओंमधलं नेहमीचं काम होतं. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा लाला दीनदयाळ निजामाचे दरबारी फोटोग्राफर होते. त्यांच्या फोटोंतले ते ऐटबाज नवाब बघताना मला आधी पोझ दिसते, पडदा दिसतो, बाजूने घेतलेला उजेड दिसतो. हे सगळं फोटो काढण्याआधीच ठरवलेलं होतं.

आता उलटी बाजू. एडिट न करता फोटो खोटा करता येतो का? अगदी सहज. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली हजारो रानं पाण्याखाली गेली, तेव्हा सगळ्यांच्याच मोबाईलमध्ये सोयाबीनचे फोटो होते. आमच्या नात्यातले एक मामा म्हणाले, "पोरी, पाणी जरा जास्त दिसंल असं काढ की." त्यासाठी फोटोशॉप लागत नाही. वाइड लेन्स लावायची, कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर धरायचा, की हात-दोन हात रुंदीचं डबकं क्षितिजापर्यंत पसरलेलं दिसतं. फाइलला कुणी हात लावलेला नाही, तारीख-वेळ खरी, जागा खरी, आणि फोटो साफ खोटा. त्यांना मी तसा काढून दिला नाही. उभं राहून, डोळ्यांच्या उंचीवरून, कडेचा बांध आणि विजेचा खांब फ्रेममध्ये येईल असा काढला, म्हणजे बघणाऱ्याला अंदाज घ्यायला काहीतरी सापडेल. मामांचं नुकसान खरंच झालं होतं. ते दिसायला खोट्याची गरज नव्हती. उलट एक फोटो फुगवलेला सापडला की शेजारच्या दहा खऱ्या फोटोंवरचा विश्वास जातो.

याच प्रसंगातली एक उपयोगाची गोष्ट सांगून टाकते, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ही माहिती गळून जाते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर शाबूत राहते. ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये रानात उभं राहूनच फोटो काढायला लावतात, त्यामागेही हेच आहे. असल्या फोटोला मी उजेडापुरताही हात लावत नाही. मूळ फाइल जशीच्या तशी देते.

मग श्रद्धांजलीच्या फोटोला हात कसा लावते? स्टुडिओत सर्वांत जास्त काम त्याचंच असतं. घरातलं म्हातारं माणूस जातं, आणि तेव्हा लक्षात येतं की त्यांचा एकट्याचा फोटोच नाही. मग रेशनकार्डावरचा येतो, आधारवरचा येतो, नाहीतर पुतण्याच्या लग्नातल्या घोळक्यात मागे अर्धवट दिसणारा चेहरा येतो. दहाव्याच्या आत फ्रेम हवी असते. मी तो चेहरा पेन टूलने कापून काढते, कानाजवळचे केस मास्कवर हाताने सोडवते, खांद्यावर आलेला दुसऱ्या कुणाचा तरी हात पुसते आणि मागे साधा निळसर पडदा देते. हे सरळसरळ बनवलेलं चित्र आहे. तरी त्यात मला खोटेपणा वाटत नाही, कारण भिंतीवरच्या त्या फोटोला कुणी पुरावा मानणार नसतं. येणाराजाणारा "हे आमचे अण्णा" एवढंच ओळखणार असतो. तेवढं खरं राहिलं पाहिजे.

आणि तेवढं खरं ठेवणंच सगळ्यात अवघड. हल्ली एका बोटाच्या टिचकीसरशी जुना फोटो लख्ख करून देणारी एआय अ‍ॅप आली आहेत. पोरं घरीच करून आणतात आणि म्हणतात, नुसती प्रिंट काढून द्या. मी स्क्रीनवर मोठं करून बघते तर आजीच्या कपाळावरचं नि हनुवटीवरचं गोंदण गायब. यंत्राला ते डाग वाटले. पडलेल्या दातांच्या जागी पांढऱ्या दातांची सलग रांग. डोळ्यातलं फूल गेलेलं, पापण्या नटीच्या. फोटो स्वच्छ आहे, पण ही बाई त्या गावात कधी राहिलेलीच नाही. यंत्र जे दिसत नाही ते अंदाजाने भरतं, आणि त्याचा अंदाज आपल्याकडच्या म्हाताऱ्यांवरून बांधलेला नसतो. अशा वेळी मी मूळ फोटो मागून घेते आणि हीलिंग ब्रश घेऊन फक्त कागदाच्या चिरा, बुरशीचे ठिपके, घडीची रेघ तेवढी काढते. कागदाला झालेलं पुसायचं, माणसाला झालेलं ठेवायचं. वेळ जास्त लागतो, मालकांची कुरकुर ऐकावी लागते.

एकदा एका घरात कुंकवावरून वाद झाला. फोटो आजोबा हयात असतानाचा, आजीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू; गेली तेव्हा ती विधवा होती. थोरले म्हणत होते, काढून टाका. नात म्हणाली, आजीला आम्ही असंच बघितलंय, राहू द्या. तांत्रिकदृष्ट्या ते मिटवणं कागदावरचा ठिपका मिटवण्याइतकंच सोपं होतं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी मी नातीच्या बाजूने बोलले. कुंकू राहिलं.

गोरं करण्याबद्दल मात्र माझं रोज भांडण होतं आणि रोज मी हरते. "ताई, पोरगी सावळी दिसतेय, दोन शेड उजळ करा." यात थोडा दोष खरोखर कॅमेऱ्याचा असतो, हे मान्य करायला हवं. आपल्याकडची लग्नं एप्रिल-मे महिन्यांत, मुहूर्त भर दुपारचा. ऊन डोक्यावर, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळं पडतं. वर लाल-पिवळ्या कापडाचा मांडव, त्याचा रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग काढून पांढरं ते पांढरं दाखवायची कॅमेऱ्याची सोय, तो रंग काढायला जातो आणि नेमकी हळदच फिकी करून टाकतो. मी करड्या कार्डावर व्हाइट बॅलन्स घेते, थर्माकोलची शीट धरून खालून चेहऱ्यावर उजेड परतवते, आणि सावळा रंग मग तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा झळकतो. तो फोटो बघून निम्म्या वेळा मागणी आपोआप थांबते. अंधारलेला चेहरा आणि सावळा चेहरा यांत लोकांची गल्लत झालेली असते.

ही गल्लत यंत्रातही मुरलेली आहे. फिल्मच्या काळात कोडॅक लॅबना रंग जुळवायला एक नमुना फोटो पाठवायची, त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्यावर वर्षानुवर्षं गोरी बाई असायची, आणि तिची त्वचा नीट आली की रंग बरोबर, असं मानलं जायचं. सावळ्या-काळ्या माणसांचे चेहरे त्या मापात बसतच नव्हते. म्हणून उजेड वाढवायला माझी ना नाही. रंग बदलायला आहे. उरलेल्या निम्म्या वेळा मालक स्वतः बसतात आणि नवरी पिठासारखी पांढरी करून देतात. चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे गुलाबी चेहरे बघून बघून लोकांची नजर तशी झाली आहे. त्याबद्दल बोलायला लागले तर हा लेख संपणार नाही.

ही सगळी भांडणं ज्यांना क्षुल्लक वाटतात त्यांना मी अजिंठ्याला घेऊन जाते. पहिल्या लेण्यातल्या भिंतीवर रंगवलेल्या, हातात कमळ घेतलेल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा खरा रंग कोणता, ते सांगा म्हणावं. आत फ्लॅशला बंदी, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, दिवे मंद. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवून, भिंतीपासून दूर उभं राहून, श्वास रोखून फोटो काढावा लागतो. तो रॉमध्ये उघडला की पहिला प्रश्न पिवळेपणाचा. त्यातला काही दिव्यांचा, तो व्हाइट बॅलन्सने काढता येतो. पण काही भिंतीवरचाच आहे. १९२० च्या सुमाराला निजाम सरकारने चित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी निखळते पापुद्रे बसवले, हे मोठंच काम. पण वरून शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, लेपही दिला आणि तो काळाबरोबर पिवळा पडत गेला. त्याच्याही आधी मेजर रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं खपून या चित्रांच्या मोठ्या नकला केल्या होत्या. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. पुढे १९९१ मध्ये फोटोग्राफर बेनॉय बहल यांनी अगदी कमी उजेडात या चित्रांचे फोटो काढले तेव्हा पुष्कळांना हे रंग पहिल्यांदा दिसले.

मग मी काय करते? दिव्याचा पिवळेपणा काढते, लाखेचा ठेवते. स्लायडर अजून ओढला तर निळं कमळ लगेच उठून दिसतं, मोह होतो, आणि तशी एक वेगळी प्रत करून बघायला काहीच हरकत नाही. फक्त तिच्याखाली लिहायचं की ही माझ्या कल्पनेतली आहे.

तर पुढच्या वेळी "एडिट केलंस का" विचारण्याऐवजी "काय काय एडिट केलंस" असं विचारा. त्याचं उत्तर मी स्क्रीनवर उघडून दाखवू शकते. लेयर एकेक करून बंद करत गेलं की खाली मूळ फोटो असतोच, मी तो पुसत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न, कोणता कॅमेरा घेऊ, त्याचं उत्तर छोटं आहे. सेकंडहँड बॉडी घ्या आणि ५० मिमीची एफ १.८ लेन्स घ्या. सॉफ्टवेअरला पैसे नसतील तर डार्कटेबल आणि गिंप फुकट मिळतात, दोन्ही चांगली आहेत. वाचलेल्या पैशांतून करडं कार्ड घ्या. थर्माकोल मांडववाल्याकडे पडलेलं असतंच.