बीएमआयच्या रांगेत न बसलेला नमुना

त्या दिवशी लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेतून चरबीचे दोन तुकडे आले. एका रुग्णाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, पन्नाशीपार, दुसऱ्याचा शस्त्रक्रियेच्या मर्यादेत जेमतेम बसणारा. गडबड या दुसऱ्याच्या रक्तात निघाली. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन ही तिन्ही अमिनो आम्लं चढलेली, ग्लुटामेट जास्त, ग्लुटामिन कमी.

"नळी पडून राहिली असणार," सहकारी न बघताच म्हणाला. शंका अगदीच चुकीची नाही. रक्त वेळेत सेंट्रिफ्यूज केलं नाही, म्हणजे गरगर फिरवून पेशी वेगळ्या केल्या नाहीत, तर ग्लुटामिनचं ग्लुटामेट होतं आणि लाल पेशींतलं आर्जिनेज हे विकर आर्जिनीनचं ऑर्निथीन करून टाकतं. वॉर्डातून येणाऱ्या प्रत्येक नळीला "आत्ताच काढलंय" हे प्रमाणपत्र असतंच, त्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. पण इथे आर्जिनीन जागेवर होतं, ऑर्निथीन वाढलेलं नव्हतं. शिवाय नुसतं पडून राहिल्याने व्हॅलीन इतकं चढत नाही. दोघेही उपाशीपोटी, त्यामुळे जेवणावरही ढकलता येईना.

मग चरबी पाहिली. कोलॅजिनेज या विकराने सुट्या केलेल्या पेशींत तेल गिळलेले मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) रंग न लावताही चमकतात, फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे चमकेवरून पेशी ओळखणाऱ्या यंत्रात, त्यांना वेगळं काढताना जीव जातो. म्हणून अशा वेळी मी काचपट्टीवर भरवसा ठेवते. कमी वजनाच्या रुग्णाच्या चरबीत मेलेल्या पेशींभोवती मॅक्रोफेजचं कडं, म्हणजे दाहाची खूण, जागोजागी होतं. जड रुग्णाच्या चरबीत ते शोधावं लागलं.

स्थूल माणसांच्या रक्तात ही तीन आम्लं वाढतात हे १९६९पासून नोंदलेलं आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की चरबीपेशींतली ही आम्लं जाळणारी यंत्रणा मंदावते. दाह झाला तरी मंदावते. उलट उरलेलं ल्युसीन मॅक्रोफेजमधला एमटॉर हा पेशीवाढीचा स्विच चालू ठेवून त्यांनाच चिथावत असेल का? आधी काय बिघडलं, हे एका दिवसाच्या तुकड्यातून कळत नाही, आणि मला नेमकं तेच हवंय.

सहकाऱ्याला हा नमुना तक्त्यातून वगळायचा आहे, कारण तो वजनाच्या रांगेत बसत नाही. बीएमआय भरायला सोपा म्हणून आम्ही त्यालाच आजार मानून बसलो आहोत. मी नमुना ठेवलाय. पुढच्या तपासणीला रक्त मागितलंय, ते मिळेलही. चरबीचा तुकडा मात्र पुन्हा मिळणार नाही, आमच्या उत्सुकतेसाठी कोण पोट उघडू देईल?